शेजारी बसण्याचा हक्क : जॅझचे शिक्षण, सिडनी आणि मुंबई

१९२८ सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस मेलबर्नच्या पोलिसांनी ईस्ट मेलबर्न भागातील एका ठिकाणी रात्री छापा घातला. लॉस एंजेलिसहून आलेल्या एका कृष्णवर्णीय जॅझ वाद्यवृंदातील काही वादक तेथे राहत होते आणि त्या रात्री त्यांच्यासोबत काही गोऱ्या तरुणी होत्या. पाच तरुणींना अटक झाली. त्यांच्यावर ठेवलेला आरोप उपजीविकेचे साधन नसल्याचा, म्हणजे कायद्याच्या भाषेत भटकेपणाचा होता. न्यायालयात तो टिकला नाही. वादकांच्या हातून तर कोणताच गुन्हा घडला नव्हता. तरीही 'ट्रुथ' नावाच्या सनसनाटी साप्ताहिकाने प्रकरणाला तिखटमीठ लावले, संसदेत प्रश्न विचारले गेले आणि थोड्याच दिवसांत संपूर्ण वाद्यवृंदाला हा देश सोडावा लागला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा नुकतेच एक वर्ष पूर्ण झाले होते. पाण्याला स्पर्श केल्याने तळे बाटते असे मानणारे आणि नृत्यगृहाबाहेर कुणी कुणाशी बोलल्याने राष्ट्र बाटते असे मानणारे, दोघेही एकाच काळाचे समकालीन होते.

या वाद्यवृंदाचे प्रमुख होते पियानोवादक सनी क्ले. 'द कलर्ड आयडिया' या नावाने त्यांचा संच जानेवारीत सिडनीला उतरला. टिव्होली नाट्यगृहाच्या साखळीत त्यांचे कार्यक्रम झाले आणि गर्दीही चांगली झाली. येथील वादकांच्या संघटनेचा मात्र त्यांना आरंभापासून विरोध होता. विरोधाचे कारण रोजगार हे सांगितले जाई. परंतु गोऱ्या अमेरिकन वादकांविषयीची नाराजी आणि या मंडळींविषयीचा तिरस्कार यांची जातकुळी एक नव्हती. संचात आयव्ही अँडरसन नावाची एक तरुण गायिका होती. पुढे १९३१ मध्ये ती ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात दाखल झाली, आणि ज्या गाण्याने 'स्विंग' हा शब्द घराघरांत पोहोचवला, ते १९३२ सालचे एलिंग्टन यांचे गाणे तिच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाले. ऑस्ट्रेलियाने परत पाठविलेल्या माणसांत ती होती.

या घटनेकडे वंशद्वेषाचे एक प्रकरण म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखात मात्र तिच्याकडे शिक्षणाच्या अंगाने पाहावयाचे आहे. एखादी कला माणूस कशी आत्मसात करतो, त्यासाठी त्याला कोणाच्या शेजारी बसावे लागते, आणि ते बसणे कायद्याने किंवा रूढीने रोखले तर काय होते, हा येथे खरा प्रश्न आहे. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसून शिकलेल्या विद्यार्थ्याला आपण आपला मार्गदाता मानतो. तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही.

आधी थोडे संगीताविषयी सांगितले पाहिजे. जॅझ वाजविणाऱ्याला वाद्यावरची हुकमत लागते. ओठांची पकड, श्वासाचा साठा, बोटांचा वेग, प्रत्येक सप्तकात सारखा आणि सुरेल उमटणारा स्वर, बाराही पट्ट्यांमधील स्वरमालिका हे सर्व एकट्याने, खोलीचे दार लावून, वर्षानुवर्षे घासून मिळविता येते. पण एवढ्याने जॅझ येत नाही. पाश्चात्य स्वरलिपीत दोन लघुस्वर शेजारी लिहिले तर कागदावर ते समान लांबीचे असतात. जॅझचा वादक त्यांतील पहिला लांबवतो आणि दुसरा आखूड करतो. किती लांबवायचा, हे गतीवर अवलंबून असते. संथ लयीत पहिला दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट होतो, तर द्रुत लयीत दोघे जवळजवळ सारखे होत जातात. जोर पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर न देता दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर द्यायचा. स्वर कुठे किंचित उशिरा टाकायचा, कुठे खालून चढवत आणायचा, कुठे अर्धवट गिळायचा, याला लिपी नाही. आपल्याकडे ढोलकीचे बोल वहीत उतरवून घेता येतात, पण बोलांचे वजन वहीत मावत नाही, तसाच हा प्रकार आहे. पुस्तकावरून मराठी शिकलेला माणूस व्याकरणात चुकणार नाही, परंतु नाशिकच्या बाजारात त्याने तोंड उघडताच तो परका आहे हे भाजीवाल्या बाईला कळते. शैलीतील ओघ ही बोली आहे, आणि बोली माणसांतच शिकावी लागते.

या कलेचे सर्वांत थोर नाव घेऊन पाहू. लुई आर्मस्ट्राँग यांचा जन्म १९०१ साली न्यू ऑर्लिन्सच्या अतिशय गरीब वस्तीत झाला. नववर्षाच्या रात्री पिस्तुलाचा बार उडविला म्हणून मुलांच्या सुधारगृहात त्यांची रवानगी झाली. तेथे पीटर डेव्हिस या शिक्षकांनी त्यांना वाद्याचे पद्धतशीर धडे दिले. पुढे कॉर्नेटवादक जो ऑलिव्हर यांनी त्यांना हाताशी धरले. नंतर मिसिसिपी नदीवरील प्रवासी बोटींवर फेट मॅरेबल यांच्या वाद्यवृंदात त्यांना नोकरी मिळाली आणि तेथे ते स्वरलिपी सराईतपणे वाचायला शिकले. १९२२ मध्ये ऑलिव्हर यांनी त्यांना शिकागोला बोलावून घेतले आणि दुसरा कॉर्नेटवादक म्हणून आपल्या शेजारी बसविले. म्हणजे ज्याला लोक 'उपजत' म्हणतात त्या प्रतिभेच्या मागे एक सुधारगृह, एक बोट, दोन-तीन शिक्षक आणि एक शेजारची खुर्ची होती. चार्ली पार्कर यांची कथाही अशीच आहे. कॅन्सस सिटीत पोरवयात एका जमलेल्या मैफलीत त्यांची फजिती झाली. त्यानंतर त्यांनी लेस्टर यंग यांच्या तबकड्यांवरील एकल-वादने स्वरन् स्वर पाठ केली. १९५४ च्या एका रेडिओ मुलाखतीत त्यांनी सांगितले आहे की तीन-चार वर्षे ते दिवसाला अकरा ते पंधरा तास रियाज करीत होते आणि त्या आवाजाला कंटाळून शेजाऱ्यांनी त्यांच्या आईला घर सोडायला सांगण्याची धमकी दिली होती. 'काळ्यांच्या रक्तातच ताल असतो' असे कौतुकाने म्हणणाऱ्यांनी या शेजाऱ्यांची साक्ष काढावी.

आता ऑस्ट्रेलियाकडे पुन्हा वळू. १९०१ च्या स्थलांतर-निर्बंध कायद्यात गोऱ्यांव्यतिरिक्त इतरांना रोखण्यासाठी 'श्रुतलेखन परीक्षा' होती. अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा वाचणार आणि उमेदवाराने तो लिहून दाखवायचा. आरंभी भाषा कोणतीही युरोपीय असे, आणि कोणती ते अधिकारी ठरवीत असे. १९३४ मध्ये प्राग येथील लेखक एगॉन किश यांना राजकीय कारणास्तव रोखायचे होते. त्यांना अनेक युरोपीय भाषा येत होत्या, म्हणून त्यांची परीक्षा स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत घेण्यात आली. (तो निर्णय उच्च न्यायालयात टिकला नाही, ही गोष्ट वेगळी.) परीक्षा घ्यायची, तिला गुणवत्तेची कसोटी म्हणायचे आणि निकाल आधीच ठरवून ठेवायचा, ही रीत आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे. सनी क्ले यांचा संच तात्पुरत्या परवान्यावर आला होता. छाप्यानंतर कृष्णवर्णीय जॅझ वाद्यवृंदांना या देशाचे दार जवळजवळ बंदच झाले. एकटे-दुकटे कलावंत येऊन गेले. एलिंग्टन यांचे माजी कॉर्नेटवादक रेक्स स्टुअर्ट १९४९ मध्ये आले आणि येथील ग्रेम बेल यांच्या संचाबरोबर हिंडले. परंतु कृष्णवर्णीय नायकाच्या हाताखालील संपूर्ण जॅझ वाद्यवृंदाचा मोठा दौरा व्हायला १९५४ साल उजाडावे लागले. तो दौरा लुई आर्मस्ट्राँग यांचा होता. एका पिढीची सव्वीस वर्षे मधल्यामध्ये गेली.

या काळात येथील तरुणांनी जॅझ शिकणे थांबविले असे मुळीच नाही. ते तबकडीपाशी बसले. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावे. सुई उचलायची, दोन मात्रा मागे ठेवायची, ऐकायचे, वाद्यावर शोधायचे, पुन्हा सुई उचलायची. अवघड जागी यंत्राची गती कमी करायची. परंतु गती कमी केली की पट्टीही उतरते, तेव्हा मनातल्या मनात ती पुन्हा चढवायची. (पट्टी न बदलता गती कमी करून देणारी संगणक-प्रणाली आज कोणत्याही भ्रमणध्वनीवर फुकट मिळते. आमच्या व्यवसायाने संगीतशिक्षणाला दिलेली ही बहुधा सर्वांत प्रामाणिक देणगी असावी.) या पद्धतीने कान विलक्षण तयार होतो. मेलबर्नचे ग्रेम बेल, त्यांचे बंधू रॉजर आणि एड मॉन्सबर्ग हे विसाव्या दशकातील तबकड्यांवर पोसलेले वादक होते. १९४६ च्या डिसेंबरात मेलबर्नला पहिले ऑस्ट्रेलियन जॅझ संमेलन भरले आणि पुढच्या वर्षी बेल यांचा संच प्रागच्या युवक महोत्सवाला जाऊन युरोपभर वाजवून आला. त्यांच्या वादनात एक मोकळा, उन्हाळी, थोडासा खट्याळ रंग आहे आणि तो त्यांचा स्वतःचा आहे.

पण तबकडी प्रश्न विचारू देत नाही. तुमची चूक तिला ऐकू येत नाही. फुंक छातीतून येते आहे की पोटातून, हे ती सांगू शकत नाही. शिवाय ती काळ गोठवते. तबकडीवरून शिकणारा १९२३ सालचे शिकागो शिकतो, आणि तोपर्यंत शिकागोचे वादक पुढे गेलेले असतात. जुन्या शैलीचे पुनरुज्जीवन त्या काळात लंडन आणि सॅन फ्रान्सिस्को येथेही चालू होते, त्यामुळे त्याचे सर्व खापर ऑस्ट्रेलियाच्या बंदीवर फोडणे अन्यायाचे होईल. तरी सॅन फ्रान्सिस्कोच्या तरुणाला जिवंत गुरू भेटण्याची शक्यता होती. मेलबर्नच्या तरुणाची ती शक्यता त्याच्याच सरकारने आणि त्याच्याच वादक-संघटनेने काढून घेतली होती. वर्णभेद बहिष्कृताचे नुकसान करतो हे आपण जाणतोच. बहिष्कार घालणाऱ्याचे कान तो किती बधिर ठेवतो, याचा हिशेब क्वचित मांडला जातो.

दुसऱ्या महायुद्धात हे दार काही काळ किलकिले झाले. १९४२ पासून अमेरिकन सैन्य येथे उतरले आणि त्यात कृष्णवर्णीय सैनिक होते. त्यांच्यासाठी वेगळी करमणूक-गृहे काढण्यात आली. सिडनीच्या सरी हिल्स भागात 'बुकर टी. वॉशिंग्टन क्लब' निघाला आणि साउथ ब्रिस्बेनमध्ये 'डॉक्टर कार्व्हर क्लब'. ब्रिस्बेनमध्ये तर या सैनिकांनी नदीच्या दक्षिण तीरावरच राहावे असा दंडक होता. गावकुसाबाहेरची वस्ती म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या भूगोलाचे भाषांतर करून सांगावे लागत नाही. या क्लबांत येथील आदिवासी स्त्री-पुरुषांना मात्र प्रवेश होता. ज्यांना गोऱ्या नृत्यगृहांत पाय ठेवता येत नव्हता, त्यांनी अमेरिकेच्या ताज्या संगीतावर तेथे पावले टाकली.

याच काळात उत्तर क्वीन्सलँडमधील केर्न्सची डल्सी पिट ही तरुणी आपल्या बहिणींबरोबर 'हार्मनी सिस्टर्स' या नावाने सैनिकांपुढे गात होती. तिच्या वंशावळीत टॉरेस सामुद्रधुनीचे बेटवासी आणि मूळनिवासी होते, तसेच जमैकाचा एक पूर्वजही होता. युद्धानंतर जॉर्जिया ली हे नाव घेऊन ती सिडनी आणि मेलबर्नच्या जॅझ मंडळींत आली, पन्नाशीच्या दशकात लंडनला जाऊन जेराल्डो यांच्या नामांकित वाद्यवृंदाबरोबर गायली, आणि परतल्यावर १९५७ मध्ये नॅट किंग कोल यांच्या ऑस्ट्रेलियन दौऱ्यात तिला स्थान मिळाले. १९६२ मध्ये तिची ब्लूज गीतांची स्वतंत्र दीर्घ तबकडी निघाली. तेव्हाही या देशाच्या लोकसंख्येच्या अधिकृत मोजणीत मूळनिवासींना धरले जात नव्हते. त्यासाठी १९६७ चे सार्वमत व्हावे लागले. तिचा आवाज ऐकला तर ध्यानात येते की तिने अमेरिकन गायिकांची नक्कल केलेली नाही. शब्द सोडण्याची तिची एक सावकाश, उष्ण प्रदेशातली तऱ्हा आहे. बोली अंगी मुरल्याशिवाय असे स्वातंत्र्य घेता येत नाही.

हिंदी महासागराच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईला, याच काळात अगदी उलट घडले. १९३५ च्या हिवाळी हंगामात ताजमहाल हॉटेलने व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद बोलावला. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ हे वयोवृद्ध कॉर्नेटवादक आणि टेडी वेदरफर्ड हे पियानोवादक यांनी मुंबई गाजविली. वेदरफर्ड यांनी १९२६ मध्ये शिकागोला अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात खुद्द आर्मस्ट्राँग यांच्यासोबत ध्वनिमुद्रण केले होते. म्हणजे मुंबईच्या ज्या तरुणाने वेदरफर्ड यांच्याबरोबर वाजविले, त्याच्या आणि आर्मस्ट्राँग यांच्या मध्ये एकच माणूस होता.

हे तरुण बहुतांशी गोव्याचे होते. गोव्याच्या चर्चला जोडलेल्या गावशाळांत पोर्तुगीज काळापासून स्वरवाचन, गायन आणि व्हायोलिन शिकविले जाई. त्यामुळे आठ-दहा वर्षांचा मुलगा कागदावरील संगीत धडाधड वाचे. हीच मुले मोठी होऊन मुंबईत, कलकत्त्यात, रेल्वेच्या संस्थांत, संस्थानिकांच्या बँडांत आणि मूकपटांच्या चित्रगृहांत वाजवू लागली. त्यांची हुकमत वादातीत होती. मात्र जॅझच्या संहिता ते जशा लिहिल्या तशाच, सरळ वाजवीत. आर्मस्ट्राँग यांना कान होता आणि वाचन बोटीवर शिकावे लागले. गोवेकरांना वाचन होते आणि कान घडवायचा होता. ते काम ताजच्या मंचावर आणि मंचामागे झाले. फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या तरुण ट्रम्पेटवादकांनी या पाहुण्यांना जवळून ऐकले, त्यांच्याबरोबर वाजविले आणि कागदावर नसलेले ते उचलले. मिकी कोरिया यांचा संच १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये वाजत राहिला. आल्दोना गावचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, यांना तर लोक हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला गेले. तेथील त्यांच्या संचात गोव्याचे, ब्रह्मदेशाचे आणि अँग्लो-इंडियन वादक एकत्र बसत. १९४५ साली तेथेच पटकीने त्यांचा मृत्यू झाला.

नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात हा सारा इतिहास जिव्हाळ्याने मांडला आहे आणि तो प्रत्येकाने वाचावा. परंतु मुंबईला शाबासकी देऊन थांबणे आपल्याला परवडणारे नाही. ताजच्या त्या दालनात कोण नाचत होते? संस्थानिक, इंग्रज अधिकारी, धनवान व्यापारी. ॲबी यांचा संच मुंबईत आला त्याच हंगामात, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, बाबासाहेबांनी येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. कृष्णवर्णीय माणसाला मंचावर मानाची जागा देणाऱ्या शहरातच, वरळी-नायगावच्या चाळींत राहणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांना उपाहारगृहात वेगळा पेला मिळत होता. गोव्याच्या चर्चची शाळादेखील सर्व माणसांना सारखी नव्हती. तेथील ख्रिस्ती समाजात बामण, चाड्डी, सुदिर हे भेद टिकून होते आणि धर्मसंघांचे मान त्यानुसार वाटले जात. हॉटेलचे दार उघडले ते समतेपोटी नव्हे, तर श्रीमंतांना नवे संगीत हवे होते म्हणून. पण दार उघडे राहिले आणि त्यातून विद्या आत आली, हेही तितकेच खरे.

ती विद्या गिरणगावापर्यंत पोहोचली ती चित्रपटांच्या वाटेने. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेट यांना हाताशी घेतले. १९५१ च्या 'अलबेला'मध्ये ते आणि त्यांचा संच पडद्यावरही दिसतो. गिरणी कामगाराचा मुलगा असलेल्या भगवान पालव यांच्या त्या चित्रपटावर कामगारवस्तीने पैसे उधळले. ज्यांना ताजच्या पायरीवरही उभे राहू दिले नसते, त्यांच्या पायांत स्विंग आला. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस असे कितीतरी गोवेकर वाद्यमेळ रचीत आणि लिहीत, पण चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे बहुधा येत नसत. कौशल्य एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही गावगाड्याची जुनी चाल तेथेही होतीच.

येथे गावगाड्याचा विचार टाळता येत नाही. मराठी मुलखात हलगी आणि सनई मांगाने वाजवायची, तमाशाची ढोलकी अमक्याने धरायची, लग्नाच्या बँडमध्ये कुठल्या वस्तीतली माणसे असायची, हे सारे ठरलेले होते. त्यांच्या बोटांतील विद्येला लोक 'उपजत' म्हणत. उपजत म्हटले की शिकण्याचे कष्ट दिसेनासे होतात आणि मोबदला देण्याची गरजही उरत नाही. 'काळ्यांच्या रक्तात ताल' आणि 'हलगी त्यांच्या जातीतच आहे' ही दोन वाक्ये एकाच टांकसाळीतून निघालेली नाणी आहेत. आणि त्यांची दुसरी बाजू, म्हणजे 'गणित त्यांच्या रक्तात नाही', हीदेखील तेथेच छापली जाते. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिले की जात ही केवळ श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि ती माणसाच्या अंगच्या कलाने होत नसून आईबापांच्या दर्जाने होते. संगीताला हे सूत्र लावून पाहावे. ज्याला हलगी वाजवायची नाही त्याला ती वाजवावी लागते, आणि ज्याला व्हायोलिन शिकायचे आहे त्याला ते मिळत नाही.

आपल्या चळवळीने या पेचातून एक वाट काढली. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. तमाशाचा बाज, ढोलकी, तुणतुणे, सवाल-जवाब ही पिढ्यान्‌पिढ्यांची हातोटी त्यांनी ठेवली, देवस्तुतीचा गण आणि गवळण टाकून दिली आणि त्या जागी प्रबोधन आणले. तंत्र तेच राहिले, हुकूम करणारा मात्र बदलला. दुसरी वाट खुद्द बाबासाहेबांनी स्वतःपुरती धरली. उतारवयात, राज्यघटनेच्या आणि धम्माच्या कामाचा डोंगर खांद्यावर असताना, त्यांनी व्हायोलिनचे धडे घेतले. त्यांचे व्हायोलिन पुण्याला सिंबायोसिसच्या स्मारक-संग्रहालयात आहे. त्यांनी ते किती तयारीने वाजविले हा प्रश्न मला गौण वाटतो. विद्यार्थीदशेत ज्यांना संस्कृतचा वर्ग नाकारला गेला, त्या माणसाने पांढऱ्या केसांनी पुन्हा नवशिका होऊन एखाद्याच्या शेजारी बसणे, हे मला त्यांच्या ग्रंथसंग्रहाइतकेच बोलके वाटते.

ऑस्ट्रेलियात जॅझ शिकण्याला संस्थेचे रूप आले ते १९७३ मध्ये. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स संगीत महाविद्यालयात डॉन बरोज यांच्या पुढाकाराने जॅझचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्याच्या उभारणीसाठी हॉवी स्मिथ हे अमेरिकन सॅक्सोफोनवादक फुलब्राइट शिष्यवृत्तीवर आले. बरोज यांचा जन्म १९२८ चा, म्हणजे सनी क्ले यांना घालविले त्या वर्षीचा. बाँडायच्या सरकारी शाळेत व्हिक्टर मॅकमहोन नावाचे बासरीवादक आले होते. त्यांना ऐकून या मुलाने बासरी धरली आणि पुढे तो देशातील अग्रगण्य जॅझ वादक झाला. सरकारी शाळा नसती तर हा मुलगा बासरीपर्यंत कसा पोहोचला असता, हे मला दिसत नाही.

जॅझसारखी जिवंत कला महाविद्यालयात कोंडू नये असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पदव्या घेऊन बाहेर पडणारे वादक एकसारखे वाजवितात, रात्रीच्या मैफलीत जे शिकता येते ते तासिकांत येत नाही, अशी तक्रार असते. तिच्यात तथ्य आहे. पण ही तक्रार करणाऱ्यांचे काका किंवा वडील बहुधा आधीच कुठल्यातरी संचात असतात. आपल्या हिंदुस्थानी संगीतातही घराणी होती आणि विद्या घराबाहेर जात नसे. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि भातखंड्यांनी चिजा स्वरलिपीत छापल्या, तेव्हा ही कोंडी फुटली. त्या सुधारणेने मुस्लिम उस्तादांना आणि गाणाऱ्या स्त्रियांना बाजूला सारले आणि शाळांत उच्चवर्णीय भरले, हा तिचा काळा भाग आहे. तरीही ज्याचे कोणीच कुणी नाही, त्याच्यासाठी छापील अभ्यासक्रम, जाहीर प्रवेशपरीक्षा आणि पगारी शिक्षक एवढेच दार असते. मी संस्थेच्या बाजूने आहे. तिच्या जोडीला रात्रीची मैफल हवी, पण संस्थेऐवजी ती नको.

१९७३ हेच वर्ष व्हिटलम सरकारने स्थलांतराच्या निवडीतून वर्णाचा निकष काढून टाकल्याचेही आहे. श्रुतलेखन परीक्षा १९५८ मध्येच रद्द झाली होती. ती चालू असती तर ज्या गुणांकनावर आपल्यापैकी अनेकजण येथे आलो, त्यातील इंग्रजीचे गुण कामाला आले नसते. एखाद्या अधिकाऱ्याने आपल्याला गेलिक विचारली असती. आज पॅरामॅटा आणि ब्लॅकटाउनच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या कुटुंबांतील मुले शाळेच्या बँडमध्ये सॅक्सोफोन नाहीतर ट्रम्पेट घेऊन बसतात. शाळा वाद्य भाड्याने देते, वर्गाबाहेर तासभर सराव होतो आणि घरी शेजाऱ्यांची तक्रार येते. शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे, त्याचे आडनाव काय, हे त्यांना विचारावे लागत नाही. महिन्यातून एखादा रविवार विहारात वंदना झाल्यावर या मुलांना वाजवू द्यावे, असे मी मंडळाला सुचवीन. भीमगीतांच्या चाली त्यांच्या वाद्यांवर बसविता येतात. फक्त त्या चालींचे वजन शिकविण्यासाठी एखाद्या जाणत्या माणसाने ढोलकी घेऊन त्यांच्या शेजारी बसले पाहिजे.

सनी क्ले १९२८ नंतर कॅलिफोर्नियात परतले. ज्या वर्षी सिडनीत जॅझचा पहिला वर्ग भरला आणि गोऱ्या ऑस्ट्रेलियाचे धोरण संपले, त्याच १९७३ साली त्यांचे निधन झाले.